फोटोग्राफी-व्हिडिओच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी एक्स्चेंज : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

एक्स्चेंजला जायचं ठरलं की बहुतेक विद्यार्थी आधी पोर्टफोलिओ सजवायला बसतात. देश मनात पक्का झालेला असतो, कुठली लेन्स न्यायची यावर मित्रांशी वादही झालेला असतो. मग कळतं की ती संस्था आपल्या कॉलेजच्या करारातच नाही. किंवा तिथले स्टुडिओचे कोर्स बाहेरच्यांना खुले नाहीत. किंवा तिथं केलेलं काम परत आल्यावर क्रेडिटमध्ये धरलं जाणार नाही. फोटो उत्तम असूनही सेमिस्टर वाया जातं, ते असं.

खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. जाण्याच्या तारखेच्या साधारण वर्षभर आधी सुरुवात करावी लागते. त्यापेक्षा उशीर झाला असेल तर पुढच्या सेमिस्टरचा विचार करा, कारण मधले टप्पे गाळून चालत नाही.

टप्पा १ : तुमचा रस्ता कोणता ते पक्कं करा

बाहेर जायचे तीन रस्ते आहेत आणि तिघांचे नियम वेगळे.

एक्स्चेंजमध्ये दोन संस्थांचा करार असतो. फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडची माफ. राहणं, प्रवास, विमा आणि साहित्याचा खर्च मात्र आपला. फ्री मूव्हर म्हणून गेलात तर करार लागत नाही, पण तिकडची फी पूर्ण भरावी लागते. तिसरा रस्ता प्लेसमेंटचा: स्टुडिओ, प्रॉडक्शन हाउस, फोटो एजन्सी किंवा संग्रहालयात प्रत्यक्ष काम. इथं वर्गाऐवजी कामाची जागा असल्यामुळे व्हिसाचा प्रकार बदलतो, आणि विद्यार्थी, कॉलेज व कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो.

एक्स्चेंजमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तिकडच्या संस्थेला थेट अर्ज पाठवणं. तुम्हाला आधी तुमच्या कॉलेजनं नॉमिनेट करावं लागतं. कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस तुमचं नाव तिकडे कळवतं, त्यानंतर तिकडून अर्जाची लिंक येते. म्हणजे शेवटच्या तारखा तीन: कॉलेजमधल्या निवडीची, नॉमिनेशनची आणि अर्जाची. संस्थेच्या संकेतस्थळावर ठळक दिसते ती बहुधा तिसरी. ती पाहून निवांत बसलेल्यांच्या पहिल्या दोन तारखा केव्हाच उलटून गेलेल्या असतात.

युरोपच्या इरॅस्मस प्लस योजनेचा सध्याचा कालखंड २०२१ ते २०२७ असा आहे. त्यात शिक्षणासाठी २ ते १२ महिने जाता येतं आणि युरोपबाहेरचे विद्यार्थीही जाऊ शकतात, पण त्यासाठीही दोन संस्थांमध्ये करार लागतोच.

तपासा: करार कॉलेजच्या नावावर आहे की फक्त एखाद्या विभागाच्या? इंजिनीअरिंग विभागाचा करार फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला लागू होईलच असं नाही. करार कधी संपतो आणि वर्षाला किती जागा आहेत, हेही विचारून घ्या.

टप्पा २ : क्रेडिटचं लेखी ठरवून घ्या, पोर्टफोलिओ नंतर

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. कंटाळवाणा आहे म्हणून तो मागे टाकला जातो, आणि सेमिस्टर बुडतात ती इथंच.

तिकडच्या संस्थेचा कोर्स कॅटलॉग उघडा. प्रत्येक कोर्सपुढे चार गोष्टी पाहा: तो कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, कुठल्या भाषेत शिकवतात, त्याआधी काय पूर्ण झालेलं असावं लागतं, आणि एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना तो खुला आहे का. चौथी गोष्ट आपल्या विषयात फार महत्त्वाची. व्याख्यानाच्या वर्गात दोन खुर्च्या वाढवता येतात. डार्करूममध्ये एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) जितके तितकेच विद्यार्थी, आणि कलर ग्रेडिंगच्या खोलीत एका वेळी एकच जण बसतो. त्यामुळे प्रात्यक्षिकाचे कोर्स संस्था आपल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात आणि एक्स्चेंजवाल्यांच्या वाट्याला सिद्धांत आणि इतिहास येतो. कॅटलॉगमध्ये कोर्स आहे म्हणजे तो मिळणार, असं धरून चालू नका. विभागाच्या समन्वयकाला ईमेल करून विचारा.

मग लर्निंग ॲग्रीमेंट. यात एका बाजूला तिकडचे कोर्स आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, हे लिहिलेलं असतं. त्यावर विद्यार्थी, आपलं कॉलेज आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या सामायिक पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात, म्हणजे सेमिस्टरला ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपल्या कॉलेजची मोजणी वेगळी असेल तर रूपांतर कसं होणार ते याच वेळी ठरवून घ्या.

विभागप्रमुखांनी कॉरिडॉरमध्ये ‘होऊन जाईल’ म्हटलं, हा करार नव्हे. ते वर्षभरात बदलून जातात आणि नवे आलेले फाइल मागतात. ईमेलवर हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

१. या कोर्सच्या बदल्यात माझे कोणते विषय माफ होतील?
२. तिकडं फक्त पास किंवा नापास असा निकाल लागला तर इथं ग्रेड काय धरणार? (प्रात्यक्षिकाच्या कोर्सना असा निकाल बऱ्याच ठिकाणी असतो.)
३. एखादा कोर्स तिकडं ऐनवेळी रद्द झाला तर पर्यायी कोर्स चालेल का, आणि तो कळवायची मुदत किती?

ॲग्रीमेंटसाठी लागतात त्यापेक्षा दोन-तीन कोर्स जास्त मंजूर करून ठेवा. सेमिस्टर सुरू झाल्यावर वेळापत्रकं एकमेकांवर आदळतातच.

प्लेसमेंटला जाणाऱ्यांनी कामाचं स्वरूप नावानिशी लिहून घ्यावं. ‘मीडिया टीमला साहाय्य’ असं मोघम लिहिलेलं असेल तर तीन महिने हार्ड डिस्कवर लेबलं चिकटवण्यात जाऊ शकतात. लायटिंग, कॅमेरा असिस्टिंग, एडिटिंग, अर्काइव्ह यांपैकी काय, मेंटॉर कोण, आणि केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का? शेवटचा प्रश्न विचारायला विद्यार्थी लाजतात. क्लायंटचं काम प्रसिद्ध होईपर्यंत दाखवायची मनाई असणं नेहमीचंच आहे, पण कायमची मनाई असेल तर जाण्याआधी कळायला हवं.

थांबा: तुमच्या कॉलेजनं क्रेडिट मान्य केल्याचा ईमेल हातात नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. ॲग्रीमेंटवरच्या बाकीच्या सह्या निवड झाल्यावर होतात, पण हा ईमेल आधीच हवा.

टप्पा ३ : सेमिस्टर निवडताना उजेड पाहा

उत्तर गोलार्धात पहिलं सेमिस्टर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, दुसरं जानेवारी-फेब्रुवारीला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वर्षच फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं. आपली परीक्षा आणि तिकडची सुरुवात एकमेकांवर येते का, ते कॅलेंडर शेजारी ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या विषयाची. हेलसिंकीला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम सहा तास उजेड असतो, जूनमध्ये रात्र नावालाच. नैसर्गिक प्रकाशावर डॉक्युमेंटरी करायची आणि सेमिस्टर शरदातलं निवडायचं, तर नोव्हेंबरनंतर शूटिंगचा दिवस दुपारीच संपेल. याउलट रात्रीचं शहर हाच विषय असेल तर तेच सेमिस्टर सोयीचं.

टप्पा ४ : पोर्टफोलिओ आणि शोरील

सूचना वाचा आणि अक्षरशः पाळा. १५ फोटो मागितले असतील तर १५च द्या. सोळावा पाठवणारा विद्यार्थी उत्साही वाटत नाही, त्यानं सूचना वाचली नाही एवढंच दिसतं.

फोटोंसाठी: सुटे पंधरा हिट फोटो देण्यापेक्षा दोन किंवा तीन मालिका द्या. एक लग्न, एक सूर्यास्त, एक म्हातारा चेहरा, एक खाद्यपदार्थ, अशी जत्रा भरवली की निवड करणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. मालिकेत मात्र दिसतं की तुम्ही एका विषयापाशी थांबता, फ्रेम टाकून देता, क्रम लावता. प्रत्येक मालिकेला दोन-तीन ओळींचं टिपण, वर्ष आणि तंत्र लिहा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या स्क्रीनच्या रंगपद्धतीत, तिची ओळख सांगणारं प्रोफाइल एम्बेड करून, दिलेल्या आकारमर्यादेच्या आत. ॲडोबी आरजीबीमधली फाइल प्रोफाइलशिवाय गेली की समोरच्याच्या स्क्रीनवर रंग फिके, मेलेले दिसतात आणि दोष तुमच्या ग्रेडिंगला लागतो.

व्हिडिओसाठी: शोरील (निवडक शॉट जोडलेली छोटी क्लिप) मागितली आहे की पूर्ण फिल्म, हे नीट वाचा. शोरीलमधून तुमची फ्रेम दिसते, पूर्ण फिल्ममधून तुमचा निर्णय. फिल्म स्कूल बहुधा दुसरं पाहू इच्छितात. जोशपूर्ण संगीतावर कापलेली दीड मिनिटाची रील ही पूर्ण फिल्मची जागा घेऊ शकत नाही, मग तिच्यात कितीही ड्रोन शॉट असोत. संवाद असतील तर सबटायटल व्हिडिओतच बर्न करा. वेगळी फाइल कुणी लावून पाहत नाही.

गटात केलेल्या कामात तुमची भूमिका स्पष्ट लिहा: ‘कॅमेरा, आणि शेवटच्या प्रसंगाचं एडिटिंग’. पाच जणांच्या फिल्मवर पाचही जण आपलं नाव दिग्दर्शक म्हणून लावतात आणि कधीकधी ते पाचही अर्ज एकाच टेबलावर येतात.

तपासा: पासवर्ड असलेली लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉग-आउट करून उघडून पाहा. ट्रान्सफरच्या सेवेवरची, काही दिवसांत मरणारी लिंक देऊ नका. अर्ज उघडला जातो तो डेडलाइननंतर, कधी महिनाभरानं. तोवर पासवर्ड बदलू नका आणि फाइल हलवू नका.

टप्पा ५ : हेतुपत्र आणि शिफारसपत्र

हेतुपत्रात देशाची स्तुती करू नका. त्यांना आपला देश माहीत असतो. हे वाक्य पाहा:

‘मला लहानपणापासून फोटोग्राफीची आवड आहे आणि आपल्या नामांकित संस्थेत शिकणं हे माझं स्वप्न आहे.’

आता हे:

‘मी रात्रपाळीच्या कामगारांवर ३५ एमएम कृष्णधवल फिल्मवर काम करतोय. निगेटिव्ह स्कॅन करून इंकजेटवर छापतो, कारण आमच्याकडे डार्करूम नाही. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रिंटिंग कोर्समध्ये सिल्व्हर जिलेटिन प्रिंट स्वतः करायला शिकून याच मालिकेचे वीस प्रिंट पूर्ण करायचे आहेत.’

पहिलं वाक्य कुठल्याही विद्यार्थ्यानं कुठल्याही संस्थेला लिहिलेलं असू शकतं. दुसऱ्यात काय येतं, काय येत नाही, तिथंच का जायचं आणि परतताना हातात काय असेल, हे चारही आहे. पत्र एका पानात संपवा.

शिफारसपत्र प्रात्यक्षिक शिकवणाऱ्यांकडून घ्या. प्राचार्यांचं नाव मोठं असलं तरी त्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेलं नसतं. ज्या सरांना किंवा मॅडमना विचारणार त्यांना पोर्टफोलिओ, कोर्सची यादी आणि शेवटची तारीख तीन आठवडे आधी द्या. आदल्या रात्री मेसेज टाकलात तर ‘मेहनती व होतकरू’ एवढंच लिहून येईल.

टप्पा ६ : व्हिसा, पैसे, विमा

प्रवेशपत्र आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही, पण पासपोर्टचं काम आधीच उरकता येतं. शेंगेन देशांसाठी (सामायिक व्हिसा असलेले युरोपातले देश) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो. सेमिस्टर त्याहून मोठं असतं, म्हणून त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. घाईत पर्यटक व्हिसावर जाऊन तिथं बदलून घेऊ, हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

अमेरिकेला एक्स्चेंजसाठी साधारणपणे जे-१ व्हिसा असतो आणि त्यासाठी तिकडच्या प्रायोजक संस्थेनं डीएस-२०१९ हा फॉर्म द्यावा लागतो. त्यावरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर देशात शिरता येत नाही. त्यामुळे तिकीट आधी काढून ठेवू नका.

पैशांच्या पुराव्यात रकमेइतकाच तिचा कालावधीही पाहतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम प्रश्न उभे करते. गुणपत्रिकांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागणार असेल तर त्याला वेळ जातो, म्हणून तो निवड होताच सुरू करा.

सावधान: विद्यार्थी व्हिसावर तिथं लग्नाचे, कार्यक्रमाचे फोटो काढून पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. काही देशांत ठरावीक तास काम करता येतं, पण स्वतःच्या नावानं बिल फाडायची परवानगी त्यात असेलच असं नाही. कुणी ‘पैसे नको, लेन्स घे’ म्हटलं तरी तो मोबदलाच.

विम्याचे दोन कागद वेगळे ठेवा, आरोग्याचा आणि सामानाचा. प्रवासविम्यात ‘सामान’ म्हणून जी मर्यादा असते तिच्यात बऱ्याचदा कॅमेऱ्याची बॉडीसुद्धा बसत नाही. सामानाच्या पॉलिसीत हे शोधा: गाडीत ठेवलेलं सामान चोरीला गेलं तर भरपाई आहे का, चेक-इन केलेल्या बॅगेला संरक्षण आहे का, नव्या वस्तूची किंमत देणार की घसारा वजा करून, आणि कॉलेजचा किंवा भाड्याचा कॅमेरा यात येतो का. कॉलेजचा कॅमेरा देशाबाहेर न्यायला लेखी परवानगी लागते. स्टोअरमधल्या दादांनी ‘ने’ म्हटलं एवढ्यावर नेऊ नका.

टप्पा ७ : कॅमेऱ्याची बॅग भरणं

आधी यादी. प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर, किंमत. सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. निघताना कस्टम्सच्या काउंटरवर हे सामान इथूनच नेतोय अशी नोंद करून घेण्याची सोय असेल तर घ्या. नाहीतर परतताना तोच कॅमेरा परदेशात घेतलेला समजून ड्यूटी मागितली जाऊ शकते. जुनी बिलं फोनमध्ये ठेवा.

एक बॉडी आणि दोन लेन्स एवढ्यासाठी साधारणपणे जास्त काही लागत नाही. पण फिल्म प्रोजेक्टसाठी भाड्याचा सिनेमा कॅमेरा, लाइट, साउंड किट असं नेणार असाल तर एटीए कार्नेटची चौकशी करा. हा सामानाचा तात्पुरता पासपोर्टच: चेंबर ऑफ कॉमर्सच्या यंत्रणेतून मिळतो, वर्षभरापर्यंत वैध असतो, आणि त्यावर नेलेल्या व परत आणलेल्या वस्तूंवर सहभागी देशांमध्ये ड्यूटी लागत नाही. त्यासाठी तारण ठेवावं लागतं. फिल्म रोल, पेपर, केमिकल अशा संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. प्रत्येक सीमेवर शिक्का घ्यायचा असतो आणि तिथंच चूक होते. पहाटेच्या फ्लाइटला काउंटर बंद दिसलं म्हणून शिक्का न घेता निघालात, तर सामान परत गेल्याचा पुरावाच राहत नाही आणि ड्यूटीची मागणी येते.

बॅटऱ्या: सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-आवरपर्यंत एअरलाइनची परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन सुट्या नेता येतात, त्यापुढच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर. व्ही-माउंटवर (सिनेमा कॅमेऱ्याच्या मोठ्या बॅटरीवर) १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-आवर छापलं असेल तर ९७.९२ वॉट-आवर, म्हणजे चालेल. छापील आकडे पुसट झालेली बॅटरी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. टोकांवर टेप लावा. एकूण किती बॅटऱ्या चालतील ते एअरलाइनला आधी विचारा.

फिल्म: न धुतलेला रोल चेक-इन बॅगेत ठेवू नका. केबिन बॅगांसाठीही बऱ्याच विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आलेत आणि ते फिल्म खराब करतात, कमी आयएसओची असली तरी. रोल डब्यातून काढून पारदर्शक पिशवीत भरा आणि हातानं तपासायची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही. म्हणून शक्य असेल तर रोल तिकडंच घ्या आणि तिकडंच धुऊन आणा.

वीज: कॅमेरा आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. स्टुडिओ फ्लॅशचं तसं नाही. बरेच एकाच व्होल्टेजचे असतात. २३० व्होल्टचा फ्लॅश १०० किंवा १२० वर नीट चालणार नाही, आणि १२० चा फ्लॅश २३० वर लावलात तर धूर निघेल. अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.

व्हिडिओवाल्यांनी विजेची फ्रिक्वेन्सी पाहावी. ५० हर्ट्झच्या देशात शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली फ्रेममध्ये पट्टे सरकतात. ५० हर्ट्झमध्ये २४ फ्रेमवर शूट करायचं असेल तर शटर अँगल (अंशांत मोजलेला शटरचा वेग) १७२.८ अंश ठेवा, ६० हर्ट्झमध्ये २५ फ्रेमवर १५० अंश. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत, टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०.

टप्पा ८ : पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

घर, सिमकार्ड, बँक, पोलिसांत किंवा नगरपालिकेत नोंदणी, ही कामं सगळ्यांनाच असतात आणि इंटरनॅशनल ऑफिस त्यांची यादी देतं. आपल्या विषयाचं पहिलं काम म्हणजे इंडक्शन. स्टुडिओ, डार्करूम, इक्विपमेंट रूम यांची सुरक्षा-ओळख झाल्याशिवाय कार्डावर प्रवेश सुरू होत नाही, आणि ही सत्रं बहुधा पहिल्या आठवड्यातच असतात. ती चुकली तर पुढची तारीख महिन्यानंतरची मिळू शकते. तोवर बाकीच्यांनी कॅमेरे बुक करून टाकलेले असतात.

दुसरं म्हणजे क्रू. फिल्मचे गट पहिल्या-दुसऱ्या वर्गातच जमतात, तेही जुन्या ओळखीवर. ‘मला काहीही चालेल’ म्हणणारा शेवटी बूम (माइकची लांब काठी) धरतो. ‘मी साउंड करतो, माझं हे काम पाहा’ म्हणून दोन मिनिटांची क्लिप दाखवणाऱ्याला दोन गट बोलावतात. बूम धरण्यात कमीपणा काही नाही, पण तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये सिनेमॅटोग्राफी लिहिलं असेल तर तेच काम मिळवावं लागेल.

कोर्स बदलायचा असेल तर याच दिवसांत बदला आणि ॲग्रीमेंटमधला बदल तिन्ही सह्यांसकट पूर्ण करा. तोंडी बदल परत आल्यावर कुणी मान्य करत नाही.

तपासा: सगळ्या कॅमेऱ्यांचं आणि साउंड रेकॉर्डरचं घड्याळ स्थानिक वेळेला लावलं का? एक बॉडी जुन्या वेळेवर राहिली की क्रम लावताना आणि मल्टिकॅम जुळवताना रात्र जाते.

टप्पा ९ : शूटिंगची परवानगी

रस्त्यावर हातात कॅमेरा घेऊन फिरणं आणि ट्रायपॉड रोवून उभं राहणं, यांत अनेक शहरांचे नियम फरक करतात. स्टेशन, मॉल, संग्रहालय, विद्यापीठाचं आवार या जागा सार्वजनिक वाटल्या तरी त्यांना मालक असतो, परवानगी त्याच्याकडून घ्यायची. विद्यार्थी प्रकल्पासाठी संस्थेचं पत्र मिळतं, ते मागून घ्या.

माणसांच्या बाबतीत ‘काढता येतो’ आणि ‘प्रसिद्ध करता येतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जर्मनीत १९०७च्या कायद्यानुसार माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला, काही अपवाद सोडून, त्याची संमती लागते. रिलीज फॉर्म, म्हणजे संमतीचा कागद, स्थानिक भाषेत ठेवा, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही वादात टिकणं कठीण. लहान मुलांसाठी पालकांची सही.

इमारतींचंही तसंच. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीच्या बाह्य भागाचा फोटो वापरता येतो. फ्रान्समध्ये मात्र हक्क शिल्लक असलेल्या वास्तूच्या फोटोचा व्यावसायिक वापर परवानगीशिवाय करता येत नाही. आयफेल टॉवर दिवसा मोकळा, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क सांगितला जातो.

ड्रोन नेणार असाल तर युरोपियन युनियनमध्ये २५० ग्रॅमपासून पुढच्या ड्रोनसाठी, आणि त्याहून हलका असला तरी कॅमेरा असेल तर, चालकाची नोंदणी लागते. खेळण्याच्या वर्गातले ड्रोन तेवढे सुटतात. ही नोंदणी बाहेरून आलेल्यांनाही लागू आहे, ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथं करायची. उंचीची मर्यादा १२० मीटर. माझं स्पष्ट मत: सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी ड्रोन नेऊ नका. परवानग्यांत जाणारा वेळ एका शॉटच्या मानानं फार आहे.

टप्पा १० : फुटेज सांभाळणं

घरून निघतानाच हिशोब करा. १०० मेगाबिट प्रतिसेकंद दरानं एक तासाचं फुटेज म्हणजे ४५ जीबी. वीस तास शूट केलंत तर ९०० जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर २.७ टीबी. ‘क्लाउडवर टाकू’ म्हणणाऱ्यांनी अपलोडचा वेग पाहावा: २० मेगाबिटच्या लाइनवर हे ९०० जीबी चढायला सलग १०० तास लागतात. म्हणून दोन डिस्क, आणि क्लाउडवर निवडक फुटेज, प्रोजेक्ट फाइल आणि साउंड.

फाइल ओढून टाकण्यापेक्षा चेकसम जुळवणाऱ्या, म्हणजे प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का ते तपासणाऱ्या, सॉफ्टवेअरनं कॉपी करा. दुसरी प्रत पूर्ण झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. डिस्क एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असेल तर मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालते. प्रवासात दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवल्या तर चोरासाठी ती एकच प्रत आहे.

टप्पा ११ : परत येण्याआधी

शेवटच्या आठवड्यात पार्ट्या असतात आणि कागद राहून जातात. निघण्याआधी हे हातात घ्या: येण्या-जाण्याच्या तारखांचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र (शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता यावर अडतो), प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम, मूल्यमापनाच्या नोंदी, इक्विपमेंट रूमची ना-हरकत. एखाद्या केबलची नोंद उघडी राहिली म्हणूनसुद्धा ट्रान्सक्रिप्ट (तिकडची गुणपत्रिका) रोखली जाऊ शकते.

गटाच्या फिल्मचे हक्क लेखी विचारा. अनेक फिल्म स्कूलमध्ये विद्यार्थ्यांच्या फिल्मचा मालक स्कूल असतो. त्यामुळे फेस्टिव्हलला पाठवायची, ऑनलाइन टाकायची की नुसती पोर्टफोलिओत दाखवायची, यातलं काय चालेल ते आधी कळायला हवं. संगीताचं लायसन्स ‘फक्त वर्गापुरतं’ असेल तर फेस्टिव्हलला ते चालत नाही.

संस्थेचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर तुमच्या जाण्यानंतर बंद होतात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रोजेक्ट इथल्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून प्रोजेक्टबरोबर एक्सएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी एडिटची फाइल), प्रोरेस या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये मास्टर, संवाद-संगीत-इफेक्टचे वेगळे साउंड ट्रॅक, वापरलेल्या एलयूटी (रंगांचं सेटिंग साठवलेल्या फाइल) आणि फॉन्टची नावं काढून घ्या. संस्थेच्या ईमेलवरचे महत्त्वाचे मेल स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट यायला काही आठवडे लागतात. ती आली की मूळ लर्निंग ॲग्रीमेंट, बदलाचं पान आणि दुसऱ्या टप्प्यातले ईमेल एकत्र जोडून क्रेडिटचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. पुढची गुणपत्रिका आली की प्रत्येक विषयाची नोंद त्या ईमेलशी ताडून पाहा. फरक दिसला तर परीक्षा विभागाची दुरुस्तीची मुदत संपायच्या आत लेखी अर्ज करा.